'का' नावाचा रकाना

शंभर फुटी रस्त्यावर, टायरच्या दुकानाच्या वर आमचं ऑफिस.
पतसंस्थांचं सॉफ्टवेअर करतो आम्ही, सांगलीत बसून.
त्यातली बटणं, रंग, अक्षरं, रिकाम्या जागा
कशा असाव्यात, हे सांगणारी एक आतली साइट आहे,
आमच्यापुरती. बाहेरच्या कुणाला दिसत नाही.
आतल्यांनाही दिसत नव्हती म्हणा.

नव्यानं कर, म्हणाले वाटवे सर, मार्चएंडच्या गडबडीआधी.
मी पहिल्यांदा शोधाच्या नोंदी काढल्या :
सहा वर्षांत लोकांनी तिथं काय काय शोधलं.
'लाल बटण'. 'लाल बटन'. 'लाल बटण कुठंय'.
'तारखेचं ते'.
'हाफ डे अर्ज', हे तिघांनी.
आणि एकानं, रात्री पावणेदोनला, नुसतंच 'अरे'.

मग पाडापाडी.
एकशे बारा पानांची एकोणचाळीस केली.
निळे नऊ होते, त्यातले सहा एकमेकांचे जुळे.
पिवळ्याचं नाव होतं 'यलो न्यू फायनल दोन',
मी 'हळद' ठेवलं.
रोज मार्केट यार्डावरून, नाकाला रुमाल लावून येते मी,
दुसरं काय सुचणार.

एका ओळीवर मात्र अडले.
'रद्द करा हे बटण नेहमी डावीकडे. बदलू नये.'
खाली सही : सु. मगदूम.
नियम होता, कारण नव्हतं.
कुणी म्हणालं, काहीतरी शास्त्र असेल.
कुणी म्हणालं, जपानमध्ये असंच असतं.

मगदूम आता तासगावला.
बेदाण्याच्या शेडमधून, चाळणीच्या आवाजावरून ओरडत बोलला :
"जतची शाखा! ऐवळे मॅडम!
त्यांच्या मॉनिटरचा उजवा कोपरा गेलेला,
काळा डाग, रुपयाएवढा.
नवा येईपर्यंत म्हणून डावीकडं सरकवलं,
पंधरा दिवसांसाठी हो!
कुणी हलवू नये म्हणून लिहून ठेवलं,
आणि मग विसरलोच की...
अरे हिरवा वेगळा काढ, हिरवा!
तुम्हाला नाही, मॅडम."

सहा वर्षं.
दोनशे सतरा शाखा
एका काळ्या डागाला वळसा घालून व्यवहार करत होत्या.

मॉनिटर कधीच भंगारात गेला होता,
ऐवळे मॅडम निवृत्त.
मी बटण उजवीकडे नेलं.
खरं सांगते, बरं वाटलं,
भिंतीवरची वाकडी तसबीर सरळ केल्यासारखं.

बुधवारी सकाळी पलूसहून पहिला फोन.
मग विटा. मग आटपाडी, दोनदा.
"मॅडम, जतन करायला गेलो, पावतीच रद्द झाली."
"मॅडम, बोट आपोआप जातंय हो तिकडं."
पलूसच्या माणसाच्या आवाजात राग नव्हता.
जिन्यातली एक पायरी कुणी काढून नेल्यावर
पडता पडता वाचलेला माणूस हसतो,
तसा तो हसला.

डबा उघडायच्या आत बटण परत डावीकडे.

वाटवे सर म्हणाले, साइट छान झाली, हलकी वाटते.
पण हा रकाना कशाला?
प्रत्येक नियमासमोर मी एक जागा सोडलीय, 'का'.
बऱ्याच ठिकाणी 'माहीत नाही' असं लिहिलंय.
तेवढे दोन शब्द लिहायलाच
मला सगळ्यात जास्त दिवस लागले.

डावीकडच्या बटणासमोर आधी 'सवय' लिहिलं.
खोडलं.
मग लिहिलं :
जत शाखा, उजवा कोपरा, काळा डाग.
डाग आता नाही. बोटं आहेत.

खाली मगदूमचा नंबर, त्याला विचारून.
तो म्हणाला, द्या की,
फक्त फेब्रुवारी ते एप्रिल सोडून करा म्हणावं.
चाळणी चालू असली की
काही ऐकू येत नाही.